साखर कारखान्याचा गाळ भाजीला घालावा का?

(भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज जरा आकडे आहेत, त्यामुळे बसमध्ये लटकत ऐकत असाल तर नंतर हा मजकूर वाचून काढा, त्यासाठीच तो टाकतो आपण.

गेल्या काही दिवसांत तुमच्याकडून एकाच प्रश्नाचे मेसेज आले. निम्मे लोक पुण्यात गच्चीवर किंवा बाल्कनीत भाजी लावणारे. त्यांचं म्हणणं, ‘नर्सरीत प्रेसमड कंपोस्टची गोणी मिळते, शेणखतापेक्षा स्वस्त आहे, घ्यावी का?’ उरलेले निम्मे इथे नोकरीला आहेत आणि त्यांची शेती बारामतीला, जुन्नरला, दौंडला, पुरंदरला. त्यांचा प्रश्न, ‘घरचे म्हणतात कारखान्याचा गाळ आणून टाकू, मग युरिया बंद. खरं का?’

दोघांनाही मी एकच उत्तर देणार आहे, पण त्यासाठी आधी हा गाळ येतो कुठून ते बघू. कारण ‘वेस्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी सरसकट घाण येते, आणि इथे तसं नाहीये.

कारखान्यात एक टन ऊस आला असं समजा. त्यातून साधारण शंभर-एकशे दहा किलो साखर निघते. बगॅस, म्हणजे चोथा, निघतो पावणेतीनशे-तीनशे किलो. तो बहुतेक बॉयलरमध्ये जळतो आणि त्याच्यावर वीज होते. मळी निघते चाळीसेक किलो, ती डिस्टिलरीला जाते. आणि पस्तीस-चाळीस किलो निघतो प्रेसमड. बरेच लोक मळी आणि प्रेसमड एकच समजतात, गावाकडे तर दोन्हीला ‘मळी’च म्हणतात. पण मळी म्हणजे काकवीसारखं चिकट, दाट द्रव. प्रेसमड म्हणजे काळपट, ओलसर, ढेकळासारखा गाळ.

तो तयार कसा होतो हे मला फार आवडतं. उसाचा रस गढूळ असतो. त्यात माती असते, उसावरचं मेण असतं, बारीक तंतू असतात. तो स्वच्छ करायला रस तापवतात, चुन्याची निवळी घालतात, आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत गंधकाचा धूरही सोडतात. मग मोठ्या टाकीत रस शांत राहू देतात. आता रसात मुळातच फॉस्फेट असतं, म्हणजे उसाने जमिनीतून ओढलेलं स्फुरद. कमी पडलं तर कारखानावाले वरून फॉस्फोरिक अॅसिड घालतात. ते चुन्यातल्या कॅल्शियमला चिकटतं, त्याचे लोळे बनतात आणि ते सगळी घाण पोटात घेऊन खाली बसतात. खाली बसलेला तो चिखल फिरत्या गाळणीवर काढला की झाला प्रेसमड.

म्हणजे बघा, उसाच्या रसातलं स्फुरद साखरेत जात नाही, मळीतही फार जात नाही, ते या गाळात गोळा होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

महाराष्ट्रात चांगल्या हंगामात हजार लाख टनांच्या वर ऊस गाळला जातो. टनाला पस्तीस किलो धरले तरी पस्तीस लाख टन प्रेसमड. पुणे जिल्ह्यातच माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, भीमाशंकर, विघ्नहर असे कारखाने आहेत, राज्याचं साखर आयुक्तालय शिवाजीनगरला आहे आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला. आपण या सगळ्याच्या मधोमध राहतो, आणि ओळख फक्त हंगामात रस्त्यावर नाकाला होते ती.

तर आता भाजी.

माझे मामा पुरंदरला असतात. अडीच एकर. वाटाणा, वांगी, कधी टोमॅटो, थोडं सीताफळ. यंदा त्यांना एका ट्रकवाल्याने ताजा प्रेसमड देऊ केला, अगदी स्वस्तात. मामांचा मला फोन. ‘अगं, दहा टन टाकतो म्हणतोय. एवढं टाकलं तर युरियाची गोणी लागणार नाही ना?’

मी म्हटलं, ‘मामा, तो ओला आहे का?’

‘ओला म्हणजे? कालच कारखान्यातून काढलाय म्हणतो.’

इथेच पहिली गोष्ट. ताज्या प्रेसमडमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दहा टनांच्या ट्रकमध्ये सात टन पाणी! म्हणजे डिझेल जळतंय ते मुख्यतः पाणी वाहायला. नीट कुजवून ओलावा तीस टक्क्यांवर आणलेलं खत घेतलं तर त्याच ट्रकमध्ये तीन टन पाणी आणि सात टन माल. ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ हे टनावर ठरवू नका, ओलावा वजा करून ठरवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ताज्या गाळात थोडी साखर उरलेली असते. ती सूक्ष्मजीवांना दिवाळीच. ते इतक्या जोरात वाढतात की ढीग आतून तापतो, पन्नास-साठ अंशांच्या वर जातो. हे ढिगात झालं तर उत्तम, तेच आपल्याला हवंय. पण हे वांग्याच्या मुळाशी झालं तर? मुळं भाजतात, मातीतला ऑक्सिजन संपतो, आणि ते जीव स्वतःचं शरीर बनवायला मातीतलं नत्र उचलतात. खत घातलं आणि पीक पिवळं पडलं, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. ऐकणाऱ्याला वाटतं खत बनावट होतं. बनावट नसतं, कच्चं असतं.

म्हणून ‘कंपोस्ट’ हा शब्द इथे शोभेचा नाही. कारखान्यात प्रेसमडच्या लांबच लांब राशी लावतात, माणसाच्या छातीएवढ्या उंच. यंत्राने त्या पुन्हा पुन्हा पलटतात, जिवाणू-बुरशीचं कल्चर घालतात. ज्या कारखान्याला डिस्टिलरी आहे तिथे या राशींवर स्पेंट वॉश फवारतात. स्पेंट वॉश म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारं गडद तपकिरी सांडपाणी, एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर. नदीत गेलं तर मासे मरतील असलं पाणी. राशीच्या उष्णतेने त्यातलं पाणी उडतं आणि पालाश राशीत राहतं. दीड-दोन महिने हे चालतं, मग पुढे मुरायला ठेवतात. पावसाळ्यात हे काम बंद ठेवावं लागतं, कारण राशीवर पाऊस पडला की तेच पाणी ओघळून विहिरींत जाणार.

कुजवण्याची ही शिस्तशीर पद्धत आपल्याकडे नवी नाही हं. होळकरांच्या इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने शेतातल्या टाकाऊ मालाचे थर, पलटणी, ओलावा यांचं गणित बसवलं. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक निघालं तेव्हा त्यावर हॉवर्डच्या बरोबरीने आणखी एक नाव होतं, यशवंत वाड. हॉवर्डला सेंद्रिय शेतीचा पितामह म्हणतात, वाडांचं नाव मात्र आपल्यालाही माहीत नसतं. असो.

आता मामांच्या युरियाकडे येऊ. मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा.

चांगल्या प्रेसमड कंपोस्टमध्ये नत्र एक टक्क्याच्या आसपास असतं, कधी थोडं जास्त. प्रत्येक ढिगाचं वेगळं, पण हिशोबाला एक टक्का धरू. एका टनात दहा किलो नत्र. युरियात नत्र शेहेचाळीस टक्के. पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत जवळपास एकवीस किलो. म्हणजे दोन टन कंपोस्ट बरोबर एक गोणी युरिया, कागदावर. प्रत्यक्षात कंपोस्टमधलं नत्र सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं आणि पहिल्या हंगामात त्यातलं फार तर पाव ते तिसरा हिस्सा पिकाला मिळतो. म्हणजे एका गोणीची बरोबरी पहिल्या वर्षी करायला सहा-आठ टन लागतील. युरियाची गोणी अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांना मिळते. सहा टन कंपोस्ट आणण्याचं नुसतं भाडं किती होईल?

वांग्याला हेक्टरी दीडशे किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे एकराला साठ किलो. मामांनी एकरी चार टन कंपोस्ट टाकलं तर त्यातून पहिल्या हंगामात दहा-तेरा किलो मिळणार. बाकीचं? युरिया बंद केला तर वांग्याची झाडं हिरवीगार राहणार नाहीत, आणि मामा म्हणणार सेंद्रिय शेती म्हणजे थोतांड. माझ्या मते सेंद्रिय खताचं सर्वात जास्त नुकसान त्याच्या विरोधकांनी नाही, ‘युरिया बंद’ म्हणणाऱ्या जाहिरातींनी केलंय.

आता तो मघाचा फॉस्फेटचा मुद्दा. प्रेसमड कंपोस्टमध्ये स्फुरद बऱ्याचदा दीड टक्का किंवा त्याहून जास्त निघतं. दीडच धरू. चार टनांत साठ किलो स्फुरद! वांग्याला एकरी लागतं वीस ते तीस. डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीत तेवीस किलो स्फुरद असतं, गोणी १३५० रुपयांना. म्हणजे चार टन कंपोस्टमध्ये अडीच गोण्या डीएपीएवढं स्फुरद आहे, साडेतीन हजारांच्या आसपासचं. सगळं लगेच मिळणार नाही, आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर काही भाग अडकून पडतो. पण सेंद्रिय पदार्थाबरोबर गेलेलं स्फुरद नुसत्या डीएपीपेक्षा कमी अडकतं, आणि उरलेलं पुढच्या पिकाला येतंच.

तर मामांना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. या खताकडे युरियाचा पर्याय म्हणून बघू नका, डीएपीचा पर्याय म्हणून बघा. डीएपी आपण आयात करतो, तयारही आणि त्याचा कच्चा मालही. जहाज उशिरा आलं की खरिपाच्या तोंडाला दुकानासमोर रांग लागते, दुकानदार सोबत नको ती बाटली गळ्यात मारतो. आणि इकडे तेच स्फुरद कारखान्याच्या मागे ढिगात पडलेलं असतं.

शिवाय कर्ब. युरियात जमिनीसाठी कर्ब काही उपयोगाचा नसतो. कंपोस्टने माती भुसभुशीत होते, पाणी धरते. वाटाण्यासारख्या पिकाला पुरंदरच्या हलक्या जमिनीत दोन पाण्यांमधलं अंतर थोडं वाढलं तरी फरक पडतो. याचा रुपयात हिशोब मी मांडत नाही, कारण तो जमिनीगणिक बदलतो.

मामा म्हणाले, ‘मग ट्रकवाल्याला काय सांगू?’ मी म्हटलं, ‘घ्यायचाच असेल तर आत्ता घ्या, पण शेतात पसरू नका. बांधाला सावलीत रास लावा, शेण आणि पालापाचोळा मिसळा, पंधरा दिवसांनी पलटा, तीन महिने विसरा.’ ते म्हणाले, ‘आणि वांगी?’ वांगी यंदा शेणखतावर. यावर ते नाराज झाले, पण पाच गुंठ्यांपुरती रास लावली आहे.

गच्चीवाल्यांनो, आता तुमच्याकडे येते. तुमचा धोका वेगळा आहे, क्षारांचा. स्पेंट वॉश मुरवलेल्या खतात पालाश भरपूर, पण बरोबर क्षारही येतात. शेतात पावसाने ते खाली वाहून जातात. कुंडीत जातील कुठे? साचतात. पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होतात आणि आपण समजतो पाणी कमी पडलं. घेवडा, गाजर, मुळा, कांदा ही पिकं क्षारांना नाजूक आहेत. पालक, बीट जरा दणकट. म्हणून प्रेसमड कंपोस्ट कुंडीत पाव भागाहून जास्त नको, आणि घेवड्याच्या कुंडीत त्याहूनही कमी. महिन्यातून एकदा कुंडीतून पाणी खाली निथळेपर्यंत भरपूर घाला.

गोणी घेताना काय बघायचं? खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये कंपोस्टसाठी मानकं आहेत. शहरी कंपोस्टचंच घ्या. कर्ब-नत्र गुणोत्तर वीसपेक्षा जास्त नको, क्षारांची ईसी चारपेक्षा जास्त नको, शिसं, कॅडमियम, पारा यांनाही मर्यादा. गोणीवर विश्लेषण छापलेलं नसेल तर विचारा. मला एका विक्रेत्याने यावर ‘ताई, हे नैसर्गिक आहे, त्यात काय मोजायचं?’ असं उत्तर दिलं होतं. विंचूही नैसर्गिकच असतो.

आणि गोणी घरी आल्यावर एक परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. याला लॅब लागत नाही, अळीव लागतात. हो, डिंकाच्या लाडवाशेजारी ज्याचे लाडू असतात ते अळीव! कंपोस्ट पिकलंय का हे तपासायला जगभरातले शास्त्रज्ञ १९८१ पासून जी उगवण चाचणी वापरतात, तिचं नेहमीचं बी म्हणजे अळीवच. कारण ते दोन दिवसांत उगवतं आणि विषारी द्रव्यांना चटकन दाद देतं.

करायचं असं. एक भाग कंपोस्ट, दहा भाग पाणी, नीट ढवळून तासाभराने गाळा. दोन बशांत टिश्यू पेपर. एकावर हे गाळलेलं पाणी, दुसऱ्यावर साधं. दोन्हींवर पंचवीस-पंचवीस अळीव पसरून झाका, अंधारात दोन दिवस. मग मोजा किती उगवले आणि मुळं किती लांब आली. उगवलेल्यांची संख्या गुणिले मुळांची सरासरी लांबी, दोन्ही बशांचं काढा. कंपोस्टच्या बशीचा आकडा साध्या पाण्याच्या ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर खुशाल वापरा. पन्नासच्या खाली असेल तर गोणीचं तोंड उघडं ठेवून, अधूनमधून हलवत महिनाभर थांबा. मुळांची टोकं तपकिरी दिसली तर क्षार किंवा कच्चेपणा, दोन्हींपैकी काहीतरी आहेच.

एक छोटं अवांतर. पुण्यात कारखान्याचा गाळ नाही मिळाला तरी उसाचा टाकाऊ माल कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. रसवंतीचं चिपाड. घुंगरांचा आवाज आपण ऐकतो, मागे चिपाडाचा ढीग कुठे जातो ते बघत नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर चिपाड भरलेल्या पिशव्यांत आणि ड्रममध्ये, अगदी थोड्या मातीवर, भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली होती. गच्चीवर वजनाचा प्रश्न असतो, चिपाड हलकं, म्हणून ते बरं. फक्त चिपाडात कर्ब प्रचंड आणि नत्र नगण्य, त्यामुळे सोबत शेणकाला किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा हवाच, नाहीतर तेच, रोपं पिवळी.

शेवटी एक गोष्ट, जिच्यामुळे हा भाग आत्ता केला. प्रेसमड फुकट मिळायचे दिवस संपत चाललेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ‘सतत’ नावाची योजना आणली, त्यात प्रेसमडसारख्या मालापासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस करून गाड्यांना विकायचा. त्यामुळे कारखान्यांना या गाळाचे पैसे दिसू लागलेत. गावाकडचे लोक म्हणतात, आमचं खत गॅसवाल्यांनी नेलं.

मला वाटतं ही भीती अर्धीच खरी आहे. गॅसमध्ये जातो तो कर्ब. स्फुरद, पालाश हवेत उडत नाहीत, ते टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीत राहतात. ते घट्ट करून विकलं तर तेही खतच, आणि २०२३ मध्ये केंद्राने अशा खताला टनामागे १५०० रुपयांची मदत मंजूर केली आहे. त्यामुळे गावात कोणी विचारलं तर प्रश्न ‘गॅस का करता?’ हा नको. प्रश्न असा हवा, की टाकीतून निघालेलं ते खत ऊस देणाऱ्या सभासदाला कोणत्या भावाने परत मिळणार, आणि त्याचं विश्लेषण मिळणार का. सहकारी कारखान्याचे सभासद असाल तर हा प्रश्न वार्षिक सभेत विचारता येतो. जेवणाच्या आधी विचारा, नंतर कोणी ऐकत नाही.

तुमच्या गोणीची अळीव चाचणी केलीत तर दोन्ही बशांचे फोटो पाठवा, कोणत्या भागातून घेतलं तेवढं लिहा, विक्रेत्याचं नाव नको. वीस-पंचवीस जमले की एक भाग त्यावरच करू. पुढच्या आठवड्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जायचंय, पहाटे चारला. येते!